पाळकपण सुटल्यावर

कबरीपाशी नवे पाळक ह्यांना म्हणाले, "साहेब, तुम्ही जरा मागं उभे राहा. प्रार्थना मी करतो."

ह्यांनी हात वर केला होता, डोळे मिटले होते. पहिला शब्द तोंडाशी आला असेल. लोक माना खाली घालून उभे होते, पण कान उघडेच होते. ह्यांनी हात खाली घेतला, चष्मा नीट केला आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

खड्ड्यात ह्यांचा दोस्त होता. अंबरनाथला कारखान्यात फिटर होता आणि आमच्या चर्चच्या मंडळीतल्या पंचांपैकी एक. त्याला ह्यांनी शब्द दिला होता की तुझ्या मातीला प्रार्थना मीच करीन. चहा पिताना दोघांची ही चेष्टा चालायची.

"आणि आधी तुम्ही गेलात तर?" फिटर विचारायचा.

"मग तू कर. तुझी चार वाक्यांत संपते. उन्हात उभे असलेले लोक तुला दुवा देतील."

नव्या पाळकांचं काही चुकलं नाही. आमच्यात तशी रीत आहे. पाळक निवृत्त झाला की त्यानं पाळकनिवास सोडायचा आणि जुन्या मंडळीपासून लांब राहायचं. लग्न, बाप्तिस्मा, माती, कशात पडायचं नाही. नाहीतर लोक जुन्याच्याच मागं जातात आणि नव्याला कोणी विचारत नाही. म्हणून आम्ही अंबरनाथ सोडून बदलापूरला, बेलवलीत भाड्याच्या घरात आलो. सामान लावायच्या आधीच ह्यांना मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं होतं. त्यामुळे फिटर आजारी आहे हे आम्हाला कळलंच नाही. त्याच्या बायकोचा फोन आला तेव्हा तो गेलेला होता.

बदलापुरात काय चर्च नाहीत? आहेत. गेलो की. पण समोर म्हातारा पाळक बसला की उपदेश करणाऱ्याची जीभ अडखळते. एक तरुण पाळक उपासना संपल्यावर धावत आला आणि ह्यांना म्हणाला, "साहेब, माझं काही चुकलं का?" हे नुसते ऐकत बसले होते. त्यांचा चेहराच तसा होता. पुढच्या रविवारपासून ते गेले नाहीत. सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि खुर्चीत बसायचे. मी म्हणायचे, तयार झालाच आहात तर कोथिंबीर घेऊन या.

मातीहून घरी आलो त्या दिवशी मी भात वाढला. हे हात मांडीवर ठेवून बसले. आमच्या घरात प्रार्थनेशिवाय कोणी घास उचलत नाही आणि प्रार्थना नेहमी हेच करायचे. भात निवला.

"करा ना," मी म्हटलं.

"तू कर."

मी चौथीपर्यंत शिकलेले. मंडळीत बायकांच्या सभेतही मी चटया घालायचे, बोलायचं काम दुसऱ्या करायच्या. मी म्हटलं, देवा, जेवण दिलंस, बरं केलंस, आमेन. ते जेवले. तेव्हापासून रोज मीच. ह्यांनी मोठ्यानं प्रार्थना करणं सोडून दिलं. मला वाटलं, आठ दिवसांत राग जाईल. गेला नाही. मग माझ्या लक्षात आलं की हा राग नाही.

एकदा पडद्याचं कापड घ्यायला उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये गेलो. दुकानदार सिंधी, ह्यांना जुना ओळखणारा.

"आओ फादर साईं, बहुत दिन बाद. मेरे घुटने के लिए दुआ करो."

"अब मैं फादर नहीं," हे म्हणाले.

"तो क्या हो?"

"ग्राहक."

"फिर भाव भी ग्राहकवाला लगेगा," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मी पण हसले. हे हसले नाहीत.

परत येताना रिक्षात ते बोलले. आम्ही अंबरनाथला नवीन आलो होतो तेव्हा आमच्या आधीचे म्हातारे पाळक उपासनेला यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे. लोक बाहेर पडताना आधी त्यांना सलाम करायचे, मग ह्यांना. ह्यांनी पंचांना सांगून त्यांचं येणं बंद करवलं होतं. ते मग मुलाकडे नगरला गेले आणि तिकडेच वारले.

"मी त्यांना हेच केलं," हे म्हणाले.

"केलंत. मग? ते काही तुमच्यावर रुसून मेले नाहीत."

"तुला काय माहीत?"

"मला नाही माहीत. तुम्हालाही नाही."

रिक्षावाल्यानं आरशातून आमच्याकडे पाहिलं. पडद्यांचं कापडही मनासारखं निघालं नाही.

आमच्या शेजारी एक बौद्ध कुटुंब राहतं. बाईचा नवरा लकव्यानं अंथरुणाला खिळलेला होता. एकदा ती दारात आली.

"बाबा, तुमच्या पद्धतीनं काहीतरी म्हणा ना येऊन. आमचे भन्तेजी येऊन गेले. पण तुमचंही होऊन जाऊ दे, काही कमी पडायला नको."

"मला आता अधिकार नाही, बाई."

मी आतून म्हटलं, "अधिकार राहू द्या. ती दारात उभी आहे. चपला घाला."

गेले. पुष्कळ वेळानं आले आणि पेपर घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, "काही म्हणाले नाहीत, मावशी. पाय चेपत बसले होते. आमच्या ह्यांना झोप लागली." त्यानंतर हे रोज तिकडे जायचे. घरात मात्र ताटावर माझीच प्रार्थना, तीही रोज तीच.

मग ह्यांचाच दम वाढला. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. मुलगी नाशिकला असते, तिच्या घरी तिची सासू अंथरुणावर. ती येऊन गेली. पुन्हा आम्ही दोघं.

जांभूळकडची पाण्याची लाईन बंद होती, म्हणून दुपारी खाली टँकर यायचा होता. मी बादल्या काढत होते. ह्यांनी हाक मारली.

"अगं, ये. बस इथं."

चेहरा बघून मला कळलं. मी म्हटलं, "पाळकांना फोन करते."

"नको. आज शनिवार आहे. उपदेश तयार करत असेल तो."

"मग तुम्ही तरी म्हणा काही. स्वतःसाठी म्हणा."

त्यांनी मान हलवली. "तू म्हण."

"मला ताटावरची तेवढी येते."

"मग नवीन कर."

मी त्यांचा हात धरला. गार होता. मी म्हटलं, देवा, हा माणूस जन्मभर दुसऱ्यांसाठी तुझ्याशी बोलला. स्वतःसाठी बोलायला त्याला जमत नाही, म्हणून मी बोलते आहे. त्याचं काही मनात धरून बसू नकोस. आमेन.

ते आमेन म्हणाले की नाही, ते मला ऐकू आलं नाही. खाली टँकरवाला हॉर्न वाजवत होता. ओठ हलले होते.

त्यानंतर थोड्या वेळानं ते गेले. घरात आम्ही दोघंच होतो. आता तिथं मी राहते.