ओट्यावर विणलेलं दुपटं

बायकोला लकवा मारला तेव्हा ती लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी क्रोशाचं दुपटं विणत होती. पिवळ्या लोकरीचं, जेमतेम वीतभर झालेलं. उजवा हात गेला. दवाखान्यातून लोह्याला घरी आलो, आणि दोन दिवसांनी ती लोकरीची पिशवी मांडीवर घेऊन रडायला लागली.

"दे इकडं," मी म्हणालो. "तू सांग, मी विणतो."

मी रिटायर कंडक्टर. उभा जन्म नांदेड-लातूर गाडीत तिकिटं फाडली. बोटं चपळ होती, पण सुईपुढं लाकडं झाली. ती जड जिभेनं सांगायची, "सैल धरा. गळा नका आवळू दोऱ्याचा." साखळीचे टाके जमले, खांबाचे उभे टाके जमेनात. पहिल्या आठवड्यात विणलं त्याहून जास्त उसवलं.

घरात उजेड कमी, म्हणून ओट्यावर बसायला लागलो. समोर पानटपरी. तिथून माझ्याच गाडीवरचा जुना ड्रायव्हर ओरडला, "काय मास्तर, बायकी कामं करून राहिले का?"

"हाव. करून राहिलो."

सगळे हसले. संध्याकाळी थोरला भाऊ आला. "आत बसत जा की. लोक लई बोलायलेत."

खरं सांगतो, कान तापले. तोवर मी उजेडासाठी बाहेर बसत होतो. दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम बसलो. खुर्ची ओट्याच्या पार कडेला ओढली. शेजारी बायकोची खुर्ची. टाका चुकला की ती डाव्या हातानं माझ्या मनगटावर टिचकी मारायची, आणि टपरीवरच्यांना तेही दिसायचं. दिसू दे.

नात झाली. बारशाला उदगीरहून विहीणबाई आल्या. पाळण्यातलं दुपटं चाचपून म्हणाल्या, "छान झालंय. कुणाकडून विणून घेतलं?"

"मीच विणलं."

त्यांनी पदरानं हसू दाबलं. "अगंबाई! मग ते राहू द्या. चार लोक विचारतील. आम्ही दुकानातलं आणलंय, ते अंथरू." आणि त्यांनी दुपटं ओढायला हात घातला.

मी काही बोलायच्या आत बायको बोलली. "हात... लावू नका." आजारपणानंतर चारचौघांत ती तोंडच उघडत नव्हती. शब्द तुटत होते, पण विहीणबाईंनी हात मागं घेतला.

लेकीनं बाळ उचललं, त्याच दुपट्यावर ठेवलं आणि सासूला म्हणाली, "विचारू द्या की, आत्या. आजोबानं विणलं म्हणून सांगू."

विहीणबाईंनी दुकानातलं दुपटं परत पिशवीत घातलं. पंगतीत त्या आमच्याशी बोलल्या नाहीत, गोड नको म्हणून लवकर उठल्या. आम्हीही मनधरणी केली नाही. बायकोनं डावा हात वर करून जिलबी मागून घेतली. दोनदा.