चालक दोन

त्या पंधरवड्यात माझ्या नवऱ्याच्या तिन्ही मित्रांनी मला गाडी काढायला लावायचं काही ना काही निमित्त काढलं. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्यांदा आलं. तिसऱ्यांदा मी सावध झाले.

नवरा जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. हे तिघे आणि तो, चौघेही एकाच मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले. एक स्टोअर्समध्ये होते, एक क्वालिटीत, एक पेंट शॉपमध्ये. नवरा टेस्ट ट्रॅकवर. नव्या गाड्या चालवून तो त्यांच्यावर शेरे लिहायचा. चार वर्षं दर रविवारी सकाळी संत तुकाराम नगरच्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर युरोपचा नकाशा पसरलेला असायचा. हांबुर्गला उतरायचं, नऊ जणांची व्हॅन भाड्यानं घ्यायची, व्हॅनसकट जहाजात चढून डेन्मार्क गाठायचं, तिथून पुलावरून स्वीडन, मग रात्रभराच्या जहाजानं फिनलंड, पुन्हा जहाजानं एस्टोनिया, आणि लाटव्हिया, लिथुआनिया, पोलंड असं जमिनीवरून खाली परत. चौघे मित्र आणि चौघी बायका. पोह्यांच्या बश्यांखाली बाल्टिक समुद्र निम्मा झाकलेला असायचा. आम्ही बायका हसायचो. लोणावळ्याला जाताना चहाला कुठं थांबायचं यावर अर्धा तास वाद घालणारी ही माणसं आठ देश कसे पार करणार, हा आमचा नेहमीचा प्रश्न होता.

तो गेल्यावर नकाशा मी गुंडाळून कपाटावर ठेवला. सहा महिन्यांनी तिघे आले, पाणी प्यायले, आणि स्टोअर्सवाले म्हणाले, “वहिनी, पुढच्या मे महिन्यात जायचं ठरतंय. तोवर वर्षही होईल. तुम्ही यायचंच.”

“मी कशाला?”

“वा, कशाला म्हणजे? जरा बदल होईल.”

हा बदल शब्द मी सहा महिने ऐकत होते. घर बदला, पडदे बदला, हवा बदला. मी बघते एवढंच म्हणाले. तीन जोड्यांच्या व्हॅनमध्ये एका कडेला बसवून नेलेली, प्रत्येक फोटोत आग्रहानं ओढलेली एक बाई माझ्या डोळ्यांपुढं आली. दया करायला आठ देश आणि तीन जहाजं जरा जास्तच होत होती.

त्यानंतर ही निमित्तं सुरू झाली. मी ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथपाल आहे, रोज गाडीनं जाते. एका सकाळी स्टोअर्सवाले फाटकाशी उभे. “वहिनी, डांगे चौकापर्यंत सोडता का?” वाटेत ते एकदाही खिडकीबाहेर बघेनात. माझ्या पायांकडं बघत होते. क्लच, ब्रेक, पुन्हा क्लच. चौकात उतरून त्यांनी दोनदा आभार मानले. मी पुढं निघाले आणि मधल्या आरशात पाहिलं, तर हा माणूस रस्ता ओलांडून पिंपरीकडं परत जाणाऱ्या बसच्या थांब्यावर उभा होता.

चार दिवसांनी क्वालिटीवाले आले. त्यांना आमच्या सोसायटीचं तळघरातलं पार्किंग बघायचं होतं, त्यांच्या सोसायटीत तसंच करायचं चाललंय म्हणे. “तुम्ही एकदा गाडी बाहेर काढून उलटी आत घ्या ना. खांबांमधलं अंतर कळेल.” मी घेतली. ते हात मागं बांधून उभे होते. त्यांनी एकाही खांबाकडं पाहिलं नाही. नंतर खिशातून कागद काढून काहीतरी खरडलं, आणि मी बघतेय हे कळल्यावर मधुमेहाच्या गोळ्यांची वेळ झाल्याचं सांगून निघून गेले.

माझी खात्री पटत चालली की ही माणसं माझ्यावर लक्ष ठेवून आहेत. घरी मी फारसं बोलत नाही, हे माझ्या नणंदेनं चार ठिकाणी सांगितलेलं होतं. एकटी गाडी चालवते, काही बरंवाईट करून घेईल, असं कुणी तरी यांच्या डोक्यात घातलं असणार. मला त्याचा राग आला, पण तो राग निदान समजण्यासारखा होता.

पुढच्या रविवारी मात्र वेगळंच घडलं. तिघे आले होते, नकाशा पुन्हा टेबलावर आला होता. मी चहा घेऊन येत होते तेव्हा स्टोअर्सवाल्यांचा आवाज कानावर पडला, “त्यानं लिहिलेलं वहिनींच्या नजरेस पडायला नको.” मी दारात आले, तशी एक निळ्या पुठ्ठ्याची वही नकाशाखाली सरकली. ट्रिपची वही. नवऱ्याचं अक्षर तिच्यात असायचं, हे मला माहीत होतं. तो गेल्यावर ती यांच्याकडं राहिली होती.

तिघेही माझ्याकडं बघून हसले. ग्रंथालयात तीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट कळते. पुस्तकातलं पान फाडलेला माणूस ते परत करताना गरजेपेक्षा जास्त हसतो.

तो आठवडा मी एकही पुस्तक वाचू शकले नाही. नवऱ्याचं कपाट मी स्वतः आवरलं होतं. फोन, बँकेचे कागद, जुनी पत्रं, सगळं पाहिलं होतं, आणि मला माहीत नसलेलं काहीही त्यात सापडलं नव्हतं. त्याचा मला किती आधार वाटत होता, ते आता कळलं. चौतीस वर्षांत या माणसानं माझ्यापासून काही लपवलं नाही, यावर मी उभी होते. आणि मी बघू नये असं काहीतरी त्यानं त्या वहीत लिहिलं होतं, तेही तीन माणसांना वाचायला.

म्हणून पेंट शॉपवाल्यांनी फोन केला तेव्हा मी लगेच हो म्हणाले. ते चाकणजवळच्या खेड्यातले, शेती अजून करतात. “वैनी, गावाकडनं तांदूळ आणायचाय. पोती रिक्षात मावत न्हाईत. याल का गाडी घिऊन?” त्यांच्याबरोबर स्टोअर्सवालेही येणार होते. मला तेच हवं होतं. त्यांच्या खांद्याला नेहमीची पिशवी असणार आणि पिशवीत वही.

पेंट शॉपवाले शेजारी, स्टोअर्सवाले मागं. मोशी सोडल्यावर कंटेनरची रांग लागली. एक जागा बघून मी गाडी डावीकडं घेतली, थांबवली आणि हँडब्रेक ओढला.

“भावजी, ती वही द्या.”

“कुठली वही?” मागून आवाज आला.

“द्या, नाहीतर दोघंही इथं उतरा.”

“हितं?” पेंट शॉपवाल्यांनी बाहेर पाहिलं. एक ट्रेलर आमची गाडी हलवत गेला. “वैनी, हितं उतरलो तर आमचंच वर्षश्राद्ध घालावं लागंल.”

“मग द्या.”

“दे रं बाबा. मी म्हनत हुतो, इचारा सरळ. ह्यांना सगळं लपूनछपून पायजे.”

“तू गप रे! पोत्याचा बहाणा कुणी काढला?”

“बहाणा न्हाई, तांदूळ हायच की!”

वही पुढं आली. एका पानाला बसचं जुनं तिकीट खूण म्हणून घातलं होतं. ते पान नवऱ्यानं टेस्ट ट्रॅकवरच्या अहवालासारखं आखलं होतं. वर लिहिलं होतं, चालक एक, आणि पुढं त्याचं स्वतःचं नाव. ते कुणी खोडलं नव्हतं. त्याखाली चालक दोन, आणि माझं नाव.

‘तिला अजून विचारलेलं नाही. महामार्ग : चांगला. घाट : माझ्यापेक्षा चांगला. पाऊस : चांगला. अनोळखी रस्ता : न विचारता चुकते, न चिडता परत येते. गाडी उलटी घेणे : डावा आरसा अजिबात बघत नाही. काही जहाजांत गाडी उलटी चढवावी लागते. तिथं हिला देऊ नये. द्यायचीच असेल तर आधी तपासावं.’

मी ते दोनदा वाचलं.

“हेच?” मी विचारलं. “तुम्ही हे लपवत होता?”

स्टोअर्सवाले पिशवीच्या बंदाशी खेळत होते. “आम्हांला वाटलं, तुम्हांला वाईट वाटेल. तो गेला, आणि त्यानं शेवटचं काय लिहून ठेवलंय, तर आरसा बघत नाही.”

“आणि तुम्ही तिघं ते तपासत होता?”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिघांपैकी कुणालाही गाडी चालवता येत नव्हती. पस्तीस वर्षं या माणसांनी गाड्या बनवल्या, रंगवल्या, तपासल्या, आणि पस्तीस वर्षं कंपनीच्या बसनं कामाला गेली, कंपनीच्या बसनं घरी आली. घरात गाड्या आहेत, पण त्या मुलं चालवतात. क्वालिटीवाल्यांकडं परवाना आहे, तो घेतल्यापासून त्यांनी गिअर टाकलेला नाही. चार वर्षं आखलेली ती सगळी ट्रिप एका चालकावर उभी होती.

“म्हणजे तुम्हांला ड्रायव्हर पाहिजे,” मी म्हणाले.

“तसं नाही हो वहिनी, तुम्हांला जरा बदल...”

“व्हय, तसंच हाय,” पेंट शॉपवाले म्हणाले. “डायवर पायजे. बायकास्नी इचारलं, त्यांना स्कुटी येती फकस्त. तुमी न्हाई म्हनलात तर वही ठिवून द्यायची.”

मला हसू आलं. सहा महिन्यांत कुणीतरी माझ्याकडं प्रथमच काहीतरी मागत होतं. त्यांना माझी गरज होती, आणि ती दया नव्हती, हे मी तपासून पाहिलं होतं.

“पण हे खोटं आहे,” मी वहीवर बोट ठेवलं. “मी बघते डावा आरसा.”

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. “क्वालिटीवाला म्हणाला की...” स्टोअर्सवाले थांबले.

“काय म्हणाले?”

“तो म्हणाला, शेरा बरोबर आहे.”

“जाऊ द्या वो,” पेंट शॉपवाले म्हणाले. “तिकडं स्टेरिंगच डाव्या अंगाला. डावा आरसा नाकाम्होरंच असतोय. न बघून जाताय कुठं?”

आम्ही तांदूळ घेऊन आलो. त्यांना मी काही कबूल केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला निघताना मी तळघरात गाडीत बसले. शेऱ्यावर माझा विश्वास नव्हता. ही गाडी आम्ही दोघं चालवायचो. तो उंच होता, मी बसताना सीट पुढं ओढायची, मधला आरसा खाली करायची. सहा महिने मी एकटीच चालवत होते. मी मान वळवून डाव्या आरशात पाहिलं.

आरशात तळघराचं छत दिसत होतं. छत, ट्यूबलाइट आणि पाण्याचा एक पाइप. जमीन नाही, खांब नाही, मागची भिंत नाही. आरसा त्याच्या डोळ्यांसाठी लावलेला होता, आणि इतक्या महिन्यांत त्याला हात लावायची मला एकदाही गरज पडली नव्हती.

बटणावर बोट ठेवून मी बराच वेळ बसून होते. वरच्या मजल्यावरची बाई तिची स्कूटर काढून गेली. मग मी आरसा खाली केला. आधी खांब आला, मग त्याच्यावरचा पिवळा पट्टा, मग जमीन.

कॉलेजला पोहोचल्यावर स्टोअर्सवाल्यांना फोन केला. आंतरराष्ट्रीय परवान्याचा अर्ज आरटीओत कुठल्या खिडकीवर मिळतो, ते विचारायला.