आज कशानं मेलात?

बस्सूइतका झकास मरणारा माणूस आमच्या अख्ख्या वारझाझात गावात दुसरा नव्हता. कौतुक म्हणून सांगत नाही, तो त्याचा धंदाच होता. परदेशी सिनेमावाले आमच्याकडे येत, आमच्या गावाला कधी रोम करत, कधी इजिप्त, कधी भलतंच काही, आणि आम्हांला घोळक्यानं मारून, तंबू गुंडाळून चालते होत. आमचं गाव आमचं गाव म्हणून कधी पडद्यावर आलंच नाही. बस्सूनं त्याबद्दल कुरकुर केली नाही. तो भाल्यानं मेला, बाणानं मेला, एकदा तर प्लेगनं मेला. उघड्या डोळ्यांनी मरणं ही त्याची खासियत. नाकावर माशी बसली तरी पापणी हलायची नाही, म्हणून त्याला नेहमी पहिल्या रांगेत पाडत. बोलायला मात्र त्याला उभ्या आयुष्यात एक वाक्यही मिळालं नव्हतं.

संध्याकाळी तो घरी आला की बायको, इट्टो, दार उघडायची, पण लगेच आत घ्यायची नाही. मरण अंगावर घेऊन आलेल्या माणसाला तसंच घरात घेऊ नये, अशी तिची समजूत. निखाऱ्यावर हर्मलच्या बिया टाकून त्यांचा धूर ती त्याच्या अंगावरून फिरवायची आणि विचारायची, "काय हो, आज कशानं मेलात?"

"भाल्यानं."

"कुठं लागला?"

"बरगडीत."

"मग जेवण जाईल ना?"

"जाईल की."

"म्हणजे जिवंत आहात. या आत."

सगळ्या गल्लीला हे पाठ होतं. समोरच्या तुदामावशी तर खिडकीतूनच अंदाज सांगायच्या, "आज बाण असणार गं इट्टो, लंगडतोय बघ."

मग तो उन्हाळा आला. एका मोठ्या लढाईत बस्सू मरून पडला होता. कुणी हलायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. तेवढ्यात बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडे त्याचा मेहुणा येऊन उभा राहिला आणि हात हलवायला लागला. बस्सूचे डोळे उघडेच होते, त्याला तो स्पष्ट दिसत होता. पण मेलेला माणूस उठत नाही. काही तरी बाजारहाटाचं असेल, थांबेल जरा, असं त्याला वाटलं. मेहुणा हात हलवत राहिला आणि मग डोक्याला हात लावून खाली बसला. 'कट' झाल्यावर बस्सू उठून धावला, तोवर इट्टो गेली होती. छातीत कळ आली, त्यांना बोलवा, एवढंच ती म्हणाली होती. आमच्यात मयत ठेवत नाहीत. दिवस मावळायच्या आत तिला माती दिली, आणि कब्रस्तानात बस्सू रोमन चिलखत घालूनच उभा होता.

त्याला रडू आलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. "सिनेमात एवढा मरतो, आणि घरच्या मरणाला डोळ्यांत टिपूस नाही," असं बाजारात कुणी तरी त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालं. त्याचा त्याला रागही आला नाही. पुढच्या दाराला त्यानं आतून कडी घातली ती कायमची. मागून, शेळ्यांच्या दारातून, वाकून ये-जा करू लागला. इट्टो मेली, हे शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाले नाहीत. कुणी नवख्यानं विचारलं तर म्हणायचा, "घरी नाहीये." मरायला मात्र तो नेमानं जात राहिला. कशानं मेलात हे विचारणारं दारात कुणी नव्हतं, त्यामुळे खरं सांगायचं तर तो परत आलाच नव्हता.

अशात तिलीला आली. जवळच्याच अग्दझ गावची पोर, कासाब्लांकात सिनेमा शिकलेली. गाठीला पैसा नाही, नावाजलेला एक नट नाही. सोबत एक कॅमेरा आणि तो धरणारा उस्मान. कॅमेरा सरकवायला भाजीवाल्याची हातगाडी. तिच्या सिनेमाची गोष्ट ऐकून चहाच्या दुकानात हशा पिकला. परदेशी सिनेमात मेलेली माणसं उठतात आणि आपापल्या घरी जातात, एवढीच ती गोष्ट. रोमन शिपाई वाटेत पुदिन्याची जुडी घेतो, इजिप्तच्या फेरो राजाचा गुलाम गॅसचा सिलिंडर खांद्यावर टाकतो.

"आणि पुढं?" हम्मू चांभारानं विचारलं.

"पुढं काही नाही. घरी जातात."

"मग यात सिनेमा कुठाय, पोरी?"

"ते लोक तुम्हांला मारतात आणि कॅमेरा दुसरीकडे वळवतात ना, हम्मूकाका? मी तिथून सुरू करते."

तिची आणखी एक तऱ्हा होती. ती 'कट' म्हणत नसे. थांबायचं कधी ते समोरच्यानं ठरवावं, असं तिचं म्हणणं. हम्मू शिपायाच्या वेशात घरी गेला, जेवला, आणि कुणी थांबवेना म्हणून आडवा होऊन घोरायला लागला. उस्माननं ते घोरणंही टिपलं. गावानं कपाळाला हात लावला. मला विचाराल तर, आमचं गाव पहिल्यांदा आमच्यासारखं दिसलं ते तिथंच.

"बस्सूकाका, तुम्ही सगळ्यांत शेवटी," तिलीला म्हणाली. "वाळूतून उठायचं, चालत यायचं आणि घराचं दार वाजवायचं."

"कुठलं दार?"

"पुढचंच की. शिपाई काय शेळ्यांच्या दारानं जातो?"

"ते उघडत नाही."

"नुसतं वाजवा."

नाही म्हणायलाही अंगात काही तरी असावं लागतं. ते नव्हतं, म्हणून तो हो म्हणाला. पण घरी जाताना त्याला भीती वाटली. दार वाजवलं आणि आतून कुणी आलं नाही, तर मग ती नाही हे ठरूनच जाईल. इतक्या काळानंतर आपल्याला काही तरी वाटतंय, याचंच त्याला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना तो चिलखत घालून गल्लीत शिरला. मागून हातगाडी कुरकुरत होती. दारापाशी येऊन त्यानं ते वाजवलं आणि थांबला. पुन्हा वाजवलं. आतून आवाज नाही. 'कट' कुणी म्हणेना, आणि आपण होऊन थांबायची त्याला सवयच नव्हती. शेवटी जे येत होतं तेच त्यानं केलं. उंबऱ्याशी आडवा होऊन, डोळे उघडे ठेवून तो मेला.

उस्माननं घाबरून तिलीलाकडे पाहिलं. तिनं मानेनं सांगितलं, चालू दे. गल्लीत माणसं जमली, पण एरवी हसणारं हे गाव त्या दिवशी हसलं नाही. इट्टोला ओळखणाऱ्या बायकांनी तोंडाला ओढण्या लावल्या.

मग वरच्या खिडकीतून तुदामावशींचा आवाज आला. त्यांना ते बघवेना.

"काय रे बस्सू, आज कशानं मेलास?"

बस्सू हलला नाही. त्याच्या डोळ्यांपुढं दोरीपलीकडचा तो मेहुण्याचा हात होता. तेव्हाही कुणी तरी त्याला असंच बोलवत होतं. त्याची पापणी लवली. तो कोपर टेकून उठून बसला आणि त्यानं खिडकीकडे पाहिलं.

"मी नाही मेलो, मावशी," तो म्हणाला. "इट्टो मेली."

सिनेमातलं त्याचं हे पहिलं वाक्य.

"हो रे बाबा," मावशी म्हणाल्या. खिडकीतून वाकून त्यांनी विचारलं, "मग जेवण जाईल ना?"

त्यानं विचार केला. डोळे कोरडेच होते.

"बघतो," तो म्हणाला.

तो उठला आणि घराला वळसा घालून मागच्या बाजूला निघून गेला. उस्मान कॅमेरा घेऊन मागे निघणार, तर तिलीलानं त्याचा खांदा धरला. कॅमेरा बंद दारावरच राहिला. मावशी झाकलेलं ताट घेऊन जिना उतरल्या आणि त्या दारासमोर येऊन उभ्या राहिल्या. आतून शेळ्या ओरडल्या, मग गंजलेली कडी खडखडली, अडकली, पुन्हा खडखडली.

दार उघडलं. आत चिलखत घातलेला बस्सू उभा होता.

"या आत," तो म्हणाला.