साडूंची दुसरी चूल

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू काढून टाकलेली नाही. सिल्वासातल्या त्यांच्या घरी बंद पडलेला मिक्सर चालू मिक्सरच्या शेजारी मानाने बसतो, चोरीला गेलेल्या स्कूटरची किल्ली नव्या किल्ल्यांच्या जुडग्यात असते, आणि नरोलीच्या ज्या धाग्याच्या कारखान्यात ते कॉम्प्युटर सांभाळतात, तिथे एकाच मशीनवर पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या नव्याजुन्या आवृत्त्या गुण्यागोविंदाने नांदतात. जुनी का काढत नाही, असं विचारलं की साडू धुळ्याच्या सुरात म्हणतात, “उखडू नका, साडूभाऊ. कोणी ना कोणी तिच्या भरोशावर बसेल राहतं.”

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नाही. कारखान्यात नवा कॅमेरा आला. त्याच्या प्रोग्रामला एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड, अगदी नवी हवी होती. साडूंनी ती हौसेने घातली, आणि तीच लायब्ररी जुन्या रूपात वापरणारा वजनकाट्याचा प्रोग्राम आडवा झाला. जुनी परत घातली, तर कॅमेरा आंधळा. गेटवर ट्रक खोळंबलेले, ड्रायव्हर “साहेब, और कितनी देर?” विचारताहेत, आणि आमचे साडू आळीपाळीने दोघांची मर्जी राखताहेत. शेवटी कुणीतरी फोनवर सांगितलं, प्रत्येक प्रोग्रामला स्वतःचा फोल्डर द्या; त्यात त्याला हवी ती पायथॉनची आवृत्ती, त्याच्याच लायब्रऱ्या. साडूंनी याला ‘वेगळी चूल’ असं नाव दिलं आणि ते त्या पंथाचे प्रचारक झाले. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसालाही ते सांगतात, “एका भांड्यात दोघांचं शिजत नही, भाऊ.”

स्वतःच्या घरात मात्र हा नियम लागू नव्हता. मुलाने दादऱ्याची गुजराती मुलगी केली. आमच्या मेहुणीची डाळ काळ्या मसाल्याची, सुनेची गुळाची. एकीच्या डाळीने दुसरीच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि दुसरीच्या डाळीला पहिली खीर म्हणायची. साडूंचा हुकूम एकच: घर एक, चूल एक. तडजोड म्हणून एका रविवारी त्यांनी स्वतः अर्धा गूळ, अर्धा मसाला अशी डाळ केली. मी पाहुणा, त्यामुळे ती मलाच संपवावी लागली. पुढे सून चार घास खाऊन उठू लागली आणि मुलगा दादऱ्याला भाड्याची खोली बघू लागला. ते कळल्यावर साडूंचं तोंड एवढंसं झालं. पोरं जातील या धास्तीने त्यांना झोप लागेना.

मी म्हटलं, “अहो, कारखान्यात काय करता तुम्ही?”

दुसऱ्याच दिवशी मागच्या पडवीत नवी शेगडी, नवं सिलिंडर आणि फळीवर गुळाची ढेप आली. गंमत म्हणजे, त्यानंतर सासूसुना एकमेकींच्या डाळीची वाटी मागून खाऊ लागल्या. खोली बघणं थांबलं.

गेल्या उन्हाळ्यात मुलाला बडोद्याला चांगली नोकरी लागली आणि दोघं गेली. भांडून नाही, हसत गेली, एवढं साडूंना समाधान. परवा गेलो, तर पडवीतली शेगडी लखलखीत, सिलिंडर जोडलेलं. मेहुणी म्हणाली, “तुम्हीच सांगा यांना. नुसती जागा अडते.”

मी साडूंना विचारलं, “आता या चुलीच्या भरोशावर कोण आहे?”

ते गूळ चिरत होते. मान वर न करता म्हणाले, “मी आहे ना.”

मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. त्या दिवशी त्यांनी पडवीत केलेली गुळाची डाळ सुनेच्या हातची मुळीच लागत नव्हती. आम्ही दोघांनी ती वाटी पुसून खाल्ली.