सोळा भाज्या आणि गुळाच्या बरणीवरची रेघ

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बी.एस्सी., रसायनशास्त्र. हे मी कुठंही सांगते आणि सांगताना लाजत नाही, कारण माझ्या आईला सही येत नाही आणि वडील सातवीतून शाळा सोडून खुलताबादकडच्या रानात गेले, तिथून वाळूजच्या एका कारखान्यात मशीनवर उभे राहिले. बजाजनगरातलं आमचं दोन खोल्यांचं घर त्यांच्या त्या उभं राहण्यातून आलंय. मी त्याच पट्ट्यात एका औषधाच्या कंपनीत तपासणीच्या लॅबमध्ये आहे. समोरचा माल चांगलाच असेल असं आम्ही धरून चालत नाही. नमुना घ्यायचा, तपासायचा, मग तोंड उघडायचं. ही सवय गेटाबाहेर ठेवून घरी यावं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबांना शुगर निघाली त्याला सहा वर्षं झाली. पहिलं वर्ष ते शहाण्यासारखे वागले. मग एका संक्रांतीनंतर त्यांचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशाच्या शिवणीत तीळ. नुसते तीळ नाहीत, गुळासकट चिकटलेले. विचारलं तर म्हणाले, "शेजारच्यानं हातावर ठिवला. सणाचं नाय कसं म्हणावं?"

त्या दिवसापासून माझा त्यांच्यावरचा भरवसा उडाला. ते फिरायला गेले की किती वेळानं आले ते मी बघायची. आल्यावर जवळ बसून बोलायची, तोंडाला कसला वास येतो का म्हणून. आईवर तर दुप्पट संशय. तिच्या मते कारल्याला आणि भोपळ्याला गूळ लावला नाही तर भाजी पोरकी वाटते.

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी आबांना पंगतीत बसूच दिलं नाही. बाहेरच्या खोलीत पाहुणे पुरणपोळ्या खात होते आणि आबा आत ओट्याखाली भिंतीकडं तोंड करून भाकरी आणि मेथी खात होते. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. पथ्य म्हणतात ना, तसंच ते.

यंदा सणाच्या आठ दिवस आधी ते स्वतःच म्हणाले, "मला पंगतीत बसू दे. पोळीला हात लावणार नाय. नुसत्या भाज्या खातो."

डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की पुढचा रिपोर्ट असाच आला तर गोळ्यांवर भागणार नाही, इन्सुलिनची सुई लावावी लागेल. म्हणून मी अट घातली. ताटावर बसण्याआधी मी शुगर बघणार. जास्त आली तर आत बसायचं.

"बघ की," आबा म्हणाले. "मी काय चोर हाय?"

खिशातले तीळ मी विसरले नव्हते.

सणाचं जेवण म्हणजे शुगरवाल्याची उपासमार असं लोक म्हणतात. आमच्याकडं तसं व्हायचं कारण नाही. महालक्ष्म्यांपुढं सोळा भाज्या लागतात. सोळा! वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी एका ताटात एवढ्या भाज्या येतात? पण आई त्या सगळ्या चिरून एका पातेल्यात घालते. त्यात बटाटा येतो, रताळं येतं, गुळातला लाल भोपळा येतो आणि वर बोटभर तेल. मी ठरवलं, देवीपुरती थोडी एकत्र करायची आणि बाकीच्या वेगवेगळ्या, कमी तेलात, बिनगुळाच्या.

"बटाटा आणि रताळं काढायचं," मी आईला म्हणाले.

"म्हंजी चौदा राहिल्या. सोळा म्हंजी सोळा."

"तोंडली घालू. आंबटचुका घालू. झाल्या सोळा."

"लक्ष्मीला काय शुगर झाली काय गं?"

"लक्ष्मीला नाही. लक्ष्मीपुढं बसणाऱ्याला झालीय."

मग आई म्हणाली, "भोपळा तरी ठिव. भोपळ्याबिगर मला पंगत बसवायची नाय." भोपळ्याच्या चार फोडी, पण बिनगुळाच्या, मी मंजूर केल्या. सोळाचा आकडा आम्ही परत मोजला, तेव्हा कुठं ती उठली.

भाज्या आणायला मी आणि आबा शहागंजच्या बाजारात गेलो. पिशवी त्यांच्याकडं, यादी माझ्याकडं. परतीला एका मिठाईच्या दुकानासमोर ते थांबले. मीही थांबले. ते चपलेतला खडा काढत होते. खडा खरंच होता का, ते मी वाकून बघितलं. होता.

जेवणाच्या दिवशी पहाटेपासून चूल पेटली, म्हणजे गॅसच. गवारीला मी तिळाचा कूट लावला. दोडक्याच्या साली टाकल्या नाहीत, त्यांची लसूण आणि खोबरं घालून कोरडी चटणी केली. पडवळात भिजवलेली हरभऱ्याची डाळ. कारल्याचे पातळ काप मीठ लावून पिळून तव्यावर चमचाभर तेलात कुरकुरीत. मेथीला मूगडाळ, अंबाडीला ज्वारीच्या कण्या अगदी मूठभर. काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचा कूट आणि साखर शून्य. हे सगळं मी वहीत लिहून आणलं होतं आणि ओट्यावर वही उघडी ठेवली होती. आई वहीवर झाकणं ठेवत होती.

माझी अडचण दुसरीच होती. नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्यात कोणी चव बघत नाही. मीठसुद्धा अंदाजानं. म्हणजे मी पाठ फिरवल्यावर आईनं भोपळ्यात गुळाचा खडा टाकला, तर कळायला मला काही मार्ग नव्हता. म्हणून आदल्या दिवशी मी एक काम करून ठेवलं होतं. चिरलेल्या गुळाची प्लास्टिकची बरणी असते, तिच्यावर आतल्या गुळाच्या पातळीला लॅबमधल्या काळ्या पेनानं बारीक रेघ मारली. पुरणाचा गूळ ढेपेतून वेगळा काढला होता, त्यामुळं बरणीला हात लागायचं कारणच नव्हतं.

संध्याकाळी पाच सवाष्णी आल्या. आत्या सकाळीच आली होती. ती आबांची थोरली बहीण, आमच्याकडच्या प्रत्येक सणाची तपासनीस. पूजा मांडली गेली आणि आबा दिवे करायला बसले.

आरतीचे सोळा दिवे आमच्याकडं पुरणाचे असतात आणि ते घरच्या कर्त्या माणसानंच करायचे. पुरणाचा गोळा तळहातावर घ्यायचा, अंगठ्यानं खळगा पाडायचा, कड सारखी करायची. सोळावा दिवा होईपर्यंत उठायचं नाही की हात धुवायचा नाही. लागलंच तर खांद्यावरच्या पंच्याला पुसायचा. कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या त्या बोटांना दिवे फार सुबक जमतात. एकही कड फुटत नाही.

दिवे झाले. आबांनी पंच्याला हात पुसला आणि आपण होऊन माझ्यापुढं येऊन बसले. पाहुण्यांकडं बघून जरा हसले. बोट पुढं केलं. मी सुई टोचली, थेंब मशीनच्या पट्टीला लावला.

तीनशे अठरा.

"काय आलं गं?" आत्यानं विचारलं.

"तीनशे अठरा. आबा, काय खाल्लं?"

"काय नाय."

"खरं सांगा."

"सकाळधरनं कोरा चहा हाय पोटात. इचार तुझ्या आईला."

"मग हे काय हवेतून आलं?"

"तुझं मशीन बिघडलं असल."

"मशीन बिघडत नाही. माणूस बिघडतो."

हे मी सगळ्यांसमोर बोलले. सवाष्णी एकमेकींकडं बघायला लागल्या. मी तिथंही थांबले नाही. आत वळून आईला म्हणाले, "भोपळ्यात गूळ घातलास ना?" आबांनी भोपळा अजून तोंडातही घातला नव्हता, हे त्या घडीला माझ्या डोक्यातच आलं नाही. आईनं बरणीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पोळी उलटली.

"अगं, बाप हाय तो तुझा," आत्या म्हणाली. "कंपनीतला माल नव्हं."

आबांनी आरती केली. सगळी आरती म्हटली, एक कडवं सोडलं नाही. नैवेद्य दाखवला. मग पंगतीची ताटं मांडली गेली तसे ते दाराबाहेर पायरीवर जाऊन बसले. मी त्यांना आत, स्वयंपाकघरात बसा म्हणाले.

"मला भूक नाय," ते म्हणाले. "खोटं बोलून ताटावर बसणारा नाय मी. आतबी नाय आन् बाहेरबी नाय."

त्यांचं ताट पंगतीत तसंच राहिलं. सवाष्णी खाली मान घालून घास घेत होत्या. माझ्या गवारीचं कोणी नाव काढलं नाही.

मी आरतीचे दिवे आवरायला घेतले. विझलेल्या वाती चिमटीत धरून काढायच्या आणि पुरण प्रसादाला एका वाटीत गोळा करायचं. ते झालं आणि शुगरचं मशीन उचलून ठेवावं म्हणून पट्ट्यांची डबी बंद करायला गेले, तर डबीचं झाकण माझ्या बोटाला चिकटून वर आलं.

दिव्यांचं पुरण माझ्या बोटांना लागलं होतं.

आमच्या लॅबमध्ये बेसिनच्या वर एक पाटी आहे. नमुना घेण्याआधी हात साबणानं धुवा. माझं अक्षर चांगलं म्हणून ती पाटी मलाच लिहायला लावली होती.

मी दुसरी सुई घेतली आणि माझ्याच बोटात टोचली. मला शुगर नाही. नैवेद्याआधी आम्ही खात नाही, म्हणून सकाळपासून पाण्याशिवाय पोटात काही गेलं नव्हतं. मशीननं दाखवलं, दोनशे शहात्तर. मी मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबण लावला, कोरड्या कापडानं पुसलं, दुसरं बोट टोचलं. एक्याण्णव.

पायरीवर गेले. आबा रस्त्याकडं बघत होते.

"आबा, हात धुवा."

"काहून?"

"साबणानं. परत बघू."

"आता काय बघायचं राहिलं? एकदा आलं की तुझं."

मी त्यांच्या बोटांकडं बोट दाखवलं. नखांच्या कडेला पुरण वाळून पिवळं झालं होतं. मग माझे दोन्ही आकडे सांगितले, आधीचा आणि नंतरचा. आबा मशीनवर सतरा-अठरा बटणं सांभाळलेला माणूस, त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. ते उठले, मोरीत गेले आणि इतका वेळ हात धुतले की आई आतून ओरडली, "अहो, साबण ठिवा की जरा."

ते परत पायरीवरच येऊन बसले. एकशे बेचाळीस आली.

"चालतंय?"

"चालतंय. चला, बसा ताटावर."

ते हलले नाहीत. "अजून एकदा बघ."

"कशाला उगाच टोचायचं? बरोबर आहे आता."

"आत चल. जिथं मघाशी बघितलं तिथं बघ."

तेव्हा मला कळलं, त्यांना काय हवं होतं ते. आम्ही आत गेलो. जेवत्या पंगतीसमोर त्यांनी तिसरं बोट पुढं केलं. मी आकडा मोठ्यानं वाचला. एकशे एकोणचाळीस. आणि त्याच आवाजात म्हणाले, "पुरण हाताला होतं. त्यांनी काही खाल्लं नव्हतं. चूक माझी." कॉलेजच्या तोंडी परीक्षेतसुद्धा मला बोलणं इतकं जड गेलं नव्हतं.

आबा ताटावर बसले. मी वाढायला गेले तर ताट जरा मागं ओढून घेतलं.

"हात धुतलेत?"

"धुतले."

"दाखव."

मी पंगतीसमोर दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवले. आत्याला ठसका लागला. एका सवाष्णीनं पदर तोंडाला लावला. आबांच्या तोंडावरची रेष हलली नाही. त्यांनी गवार खाल्ली, कारल्याचे काप खाल्ले, दोडक्याच्या सालीची चटणी दोनदा मागितली. "हे काय हाय?" म्हणून विचारलं, साली आहेत सांगितल्यावर म्हणाले, "मग इतकी वर्षं आम्ही काय फेकत होतो?" पोळीकडं त्यांनी बघितलंही नाही. म्हणजे एकदा बघितलं. ते मी पकडलं, पण बोलले नाही.

पाहुणे गेले. आई भांडी आवरत होती. तिनं फळीवरून गुळाची बरणी काढली आणि माझ्यापुढं ओट्यावर ठेवली.

"बघून घे."

"काय?"

"तुझी रेघ. मला वाचता येत नाय. रेघ कळती."

"राहू दे आता, आई."

"नाय, बघ. बापाचं तीनदा बघितलं, माझं एकदा तरी बघ."

बघायला नको होतं. पण मी बघितलं. गूळ रेघेला लागून होता, एक खडाही कमी नव्हता. आईनं बरणी उचलून परत फळीवर ठेवली, रेघ बाहेरच्या बाजूला करून. ती अजून तशीच आहे. लॅबमधलं पेन आहे, साबणानं जात नाही.