दुसऱ्याच्या जोत्यावर

राजकुमार हिवराळे हाडाचा संशयी माणूस. सुलेखानं चहात साखर घातल्याचं सांगितलं, तरी हा नवरा चमच्यानं तळ ढवळून बघणार. असला माणूस कॉम्प्युटर चालवायला दुसऱ्याच्या हातचं लिनक्स कशाला वापरेल? आयटीआय करून वाळूजच्या एका कारखान्यात लागल्यावर त्यानं बजाजनगरच्या खोलीत बसून अख्खी सिस्टीम स्वतः बांधली, अगदी तिचा पाया असलेल्या कर्नलपासून. सात महिने लागले. गेली बारा वर्षं कारखान्यातल्या पिना, मोटरसायकलच्या पिस्टनमध्ये बसणाऱ्या, याच सिस्टीमवर तपासल्या जात होत्या. गेज माप पाठवायचं, सिस्टीम पास-नापास सांगायची.

आता तो कॉम्प्युटर घरघरायला लागला. नव्यानं आलेल्या इंजिनिअर सायली मॅडमनी सिस्टीम तशीच्या तशी उचलून नव्या मशीनवर, डेबियन नावाच्या तयार लिनक्सच्या आत, कंटेनर म्हणतात तसल्या वेगळ्या कप्प्यात चालू केली. राजकुमारच्या मनात आलं, आज सिस्टीम उचलली, उद्या आपल्याला उचलतील.

"एक फाइलसुद्धा बदलली नाही, सर," सायली म्हणाली.

तो तासभर आत चाचपत बसला. प्रोग्राम त्याचेच, सुरुवातीला लिहून ठेवलेला सुलेखाचा वाढदिवसही जागेवर. मग त्यानं सिस्टीमलाच कर्नल कोणतं ते विचारलं, आणि उत्तर परकं आलं, डेबियनचं.

"मॅडम, घर माझं हाय, पण जोतं दुसऱ्याचं हाय."

"कंटेनरचं असंच असतं, सर. कर्नल बाहेरच्या मशीनचंच वापरतो."

"मग हे खोटं बोलंल."

नवं मशीन खोटं ठरावं अशी त्याची मनापासून इच्छा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एकाच ढिगातल्या दोनशे पिना दोन्हीकडं तपासल्या. जुन्या मशीननं सगळ्या पास केल्या. नव्यानं तीन नापास ठरवल्या.

"म्हनलं व्हतं ना," तो म्हणाला. पण जिंकल्यावरही विश्वास ठेवील तर तो राजकुमार कसला! त्यानं मायक्रोमीटर काढला. मर्यादा १४.००५ मिलिमीटर आणि नापासांतली पहिली पिन भरली १४.००८. फडक्यानं पुसून आणखी दोनदा मोजली, तरी तेच. उरलेल्या दोन्हीही जाडच.

जुन्या मशीनच्या नोंदीत त्याच पिनेचं माप होतं १४.००. शेवटचा आकडा अधूनमधून वाटेतच गळत होता. दोन्हीकडचे प्रोग्राम सारखे, फरक होता तो फक्त कर्नलचा. गेजचे आकडे वाचणारा त्यातला भाग राजकुमारनं स्वतः नव्यानं लिहिला होता, कारण मूळ लिहिणाऱ्यावर त्याचा भरवसा नव्हता.

त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मॅडम, जुनं बंद करा," तो म्हणाला. "बारा वर्षांच्या पिना कुठं कुठं गेल्या, त्याची यादी काढा. साहेबांना सांगावंच लागंल."

"पुन्हा एकदा तपासायचं का, सर?"

"तीनदा मोजलं. चूक कुनाची इचारलं तर माझं नाव लिहा."

संध्याकाळी सुटी झाल्यावर त्यानं आपली मोटरसायकल सुरू केली आणि गेटपाशी बराच वेळ इंजिनाचा आवाज ऐकत उभा राहिला.