बाथरूमची कडी

आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आतून कडी लावून एकटीनं बसता येईल अशी एकच जागा होती, बाथरूम. राजारामपुरीतल्या त्या घरात सासू-सासरे, नवरा, दोन मुली आणि मी. मी अंघोळीला गेले की सासूबाईंचे कान दाराला लागलेले. पाच मिनिटं होताच हाक यायची, "काय गं, टाकी मोकळी करणार हाईस काय?" मी मुद्दाम ओ द्यायची नाही. दिवसातली तेवढी दहा मिनिटं माझी होती, आणि ती मी कुणाला देणार नव्हते.

गॅसचा गिझर त्याच बाथरूमच्या भिंतीवर होता. वर हवेसाठी काचेच्या पट्ट्यांची लहान खिडकी. दिवाळीआधी सासूबाईंनी टुमणं लावलं, "अंगाला त्याल लावल्यावर वारं बाधतंय. ते भोक बुजीव." मी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून खिडकीला बसवला आणि चारी बाजूंनी खाकी टेप मारला. मला अर्धवट काम जमत नाही. फट म्हणून ठेवली नाही. गेल्या हिवाळ्यात पट्ट्या बंद असायच्या तेव्हाही अंघोळीनंतर माझं डोकं ठणकायचं, मळमळायचं. सासूबाई म्हणायच्या, पित्त. मीही आमसूल चघळून कामाला लागायची.

नरक चतुर्दशीला सगळ्यांना तेल-उटणं लावून झाल्यावर घरच्या सुनेनं शेवटी न्हायचं, अशी आमच्याकडची पद्धत. सासरे, नवरा, मुली, सासूबाई, एकामागून एक अंघोळी झाल्या. गिझर तासभर चालूच होता. अंगभर तेल चोपडून मी आत गेले तेव्हा वाफ कोंडून छान ऊब झाली होती. कडी लावली. बाहेर मुलींनी रीतीप्रमाणे माझ्या अंघोळीचे फटाके उडवायला सुरुवात केली.

तिसऱ्या तांब्याला डोकं ठणकलं. चौथा तांब्या हातातून सुटला. तो उचलायला वाकले ती बसलेच, आणि उठता येईना. पाय जणू माझे नव्हतेच. दार उघडायला हवं हे मात्र कळत होतं. त्याच वेळी आठवलं, बाहेर सासरे फराळाला बसलेत आणि माझ्या अंगावर चिंधी नाही. म्हणून मी कडीकडे न जाता खुंटीवरच्या गाउनकडे सरपटले. होती नव्हती ती ताकद त्या गाउनात गेली. एक हात बाहीत गेला, दुसऱ्याला बाही सापडेना. मग कशीबशी कडीपर्यंत पोचले, तर बोटांना तेल. धरली की निसटायची, धरली की निसटायची. ओरडले, तर बाहेर फटाक्यांची माळ. वर माझा पुठ्ठा दिसत होता, एक कोपराही सुटला नव्हता. भीती वाटली, आणि भीतीपेक्षा राग आला, माझ्याच नीटनेटकेपणाचा.

मला वाचवलं ते सासूबाईंच्या त्याच खोडीनं. नळ एकसारखा वाहतोय, पण तांब्या वाजत नाही, हे त्यांच्या कानांनी टिपलं. त्या माझ्या नवऱ्यावर ओरडल्या, "हिचा तांब्या वाजंना झालाय. दार मोड!" दोन लाथांत कडी उखडली. लगेच त्यांनी नवऱ्याला मागं सारलं, सासऱ्यांना म्हणाल्या, "तुमी तिकडं तोंड करा," आणि स्वतः आत शिरल्या. माझे तेलकट हात त्यांच्या हातात ठरेनात. शेवटी माझे केस मुठीला गुंडाळून त्यांनी मला बाहेर ओढलं.

दवाखान्यात नाकातोंडावर ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी समजावलं, बंद जागेत गिझरची ज्योत आतली हवा खाते आणि विषारी वायू सोडते. त्याला ना रंग, ना वास. गेल्या हिवाळ्यातही बहुधा तोच बाधत होता, पित्त नव्हे. "भोक मीच बुजवाय लावलं," म्हणत सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. टेप मीच मारला होता.

आता गिझर गॅलरीत आहे आणि पट्ट्या कायम उघड्या. कडी मात्र पुन्हा बसवली नाही. मी दोनदा विषय काढला. "आता कशाला पायजे ती?" एवढंच सासूबाईंचं उत्तर. दार नुसतं लोटलेलं असतं, आणि बाहेर सासूबाई स्टूल टाकून बसतात. तांब्या थांबला की हाक येते, "हाईस न्हवं?"

माझी दहा मिनिटं गेली. गुदमरल्यासारखं होतं आणि उठा तिथून म्हणून ओरडावंसं वाटतं. परवा जुन्या सवयीनं मुद्दाम ओ दिली नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. धाडकन स्टूल पडलं आणि त्या दारात उभ्या, चष्मा नाही, पदर खांद्यावरून सुटलेला.

तेव्हापासून मी पहिल्याच हाकेला सांगते, "हाय की."